कस्टम वेब ॲप बनवून घ्यायचंय? आधी तुमचं रजिस्टर दाखवा

नाशिकमध्ये राहून फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंट करतो असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, अच्छा म्हणजे वेबसाईट बनवता. वेबसाईटही बनवतो, पण माझं मुख्य काम ते नाहीये. वेबसाईट म्हणजे दुकानाची पाटी, येणाजाणाऱ्यांनी वाचायची. वेब ॲप्लिकेशन म्हणजे ज्याच्यात तुमचं रोजचं काम चालतं ते, आवक-जावक, चलन, बुकिंग, कोणाचे किती द्यायचे, कोणाकडनं किती यायचे, आणि हे सगळं ब्राउझरमध्ये, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही उघडतं आणि मालकाच्या मोबाईलवरही. रेडिमेड मिळत नाही म्हणून खास तुमच्यासाठी लिहिलेलं, म्हणून कस्टम.

माझं एक ठाम मत आहे आणि ते मी प्रत्येक क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगतो. ॲप ज्याचं आहे त्याचंच ते पूर्णपणे असलं पाहिजे. त्याचा आकार तुमच्या कामातनं आला पाहिजे, माझ्या मागच्या प्रोजेक्टमधनं उचललेला नको, आणि काम संपल्यावर त्याच्या किल्ल्याही तुमच्याकडेच पाहिजेत, माझ्याकडे नाही. बाकी लारावेल वापरू का जँगो, रिॲक्ट घेऊ का साधी पानं ठेवू, हे प्रश्न आमचे आम्ही सोडवतो, त्यात तुम्ही डोकं घालायची गरज नाही खरंच.

आकार कामातनं आला पाहिजे म्हणजे काय ते सांगतो. पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम होतं. मालकांनी मीटिंगमध्ये जे सांगितलं ते अगदी बरोबर होतं, शेतकऱ्याचं नाव, प्लॉट, व्हरायटी, क्रेट किती, वजन किती, रेट, पेमेंट, आणि संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. तेवढ्यावर कोटेशन देऊन कोड लिहायला बसता आलं असतं. पण मी मालकांना म्हटलं, मला एक दिवस काट्यापाशी बसू द्या. बागेतनं पिकअप यायला लागल्या, क्रेट उतरवायचे, काट्यावर चढवायचे, ताई रजिस्टरमध्ये लिहिणार, मग माल ग्रेडिंगला, तिथनं पनेट म्हणजे छोटे प्लास्टिकचे डबे भरून पेटीत, मग प्रीकूलिंग, कोल्ड स्टोअर आणि शेवटी कंटेनर न्हावा शेवा बंदराला. मी त्या रजिस्टरकडे बघत होतो. छापील रकाने वेगळे आणि ताईंनी स्केलने स्वतः आखलेला एक रकाना वेगळा, उजव्या कडेला, त्याला वर नावच नाही. कुठे ४०, कुठे १२, कुठे आकडा खोडून दुसरा लिहिलेला, काहींना लाल पेनाने गोल.

म्हटलं, "ताई, हा रकाना कशाचा?"

"अहो दादा, ते रिकामे क्रेट. कोणाकडे किती राहिलेत ते. लाल गोल म्हणजे मागच्या खेपेचे पण आले नाहीत. सीझन संपला की सगळी भांडणं ह्याच्यावरनंच होतात."

मालकांच्या यादीत हा रकाना नव्हता कारण त्यांच्यासाठी तो हिशोबाचा भागच नव्हता, ते काम ताई सांभाळत होत्या म्हणून त्यांना कधी दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या ॲपमधली रोज सगळ्यात जास्त उघडली जाणारी स्क्रीन आज तीच आहे, क्रेट बाकी.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट कळली. मालकांना हवं होतं की वजन झालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी जावा आणि त्याने तो सांगितला की मगच नोंद पक्की व्हावी. ऐकायला झकास वाटतं. पण काट्यापाशी उभं राहिलं तर दिसतं की माल घेऊन शेतकरी येतच नाही, ड्रायव्हर येतो, शेतकरी तिकडे बागेत मजुरांसोबत तोडणीत असतो आणि बऱ्याच घरात बाप-लेक, चुलते सगळ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर लिहिलेला असतो. मागे पिकअपची लाईन लागलेली असताना कोण कोणाला फोन करून ओटीपी विचारणार. म्हणून ओटीपी काढला आणि वजन झाल्यावर पावतीचा मेसेज ठेवला, हरकत असेल तर त्याच दिवशी कळवा असा. मोबाईल नंबर हीच ओळख धरायची पद्धतही सोडून दिली, प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा कोड, आणि निर्यातीचा माल असेल तर बागेचा नोंदणी नंबर. अपेडा म्हणजे शेतमालाच्या निर्यातीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या ग्रेपनेट ह्या ऑनलाईन व्यवस्थेवर निर्यातीच्या बागांची नोंदणी असते, रेसिड्यूची म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाची तपासणी त्याच्याशी जोडलेली असते आणि पेटी कुठल्या बागेतली हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे, त्यामुळे तो नंबर पहिल्या स्क्रीनपासून पेटीच्या लेबलपर्यंत तुटू द्यायचा नाही. एकदा का वजन वेगळ्या टेबलात आणि बाग वेगळ्या टेबलात अशी गाठ सुटली की नंतर जोडत बसणं फार जिकिरीचं काम आहे.

आता स्क्रीनबद्दल, कारण डिझाईन म्हटलं की लोकांना रंग आणि लोगो आठवतो. काट्यावरच्या माणसाचे हात ओले असतात, उन्हात मोबाईलची स्क्रीन दिसत नाही, घाई असते. तिथे मोठी बटणं, काळ्यावर पांढरं नाहीतर पांढऱ्यावर काळं, आणि आकड्याच्या खान्यात बोट ठेवलं की थेट आकड्यांचाच कीबोर्ड उघडायला पाहिजे. ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर दुसरी भानगड. ब्राउझरमध्ये आकड्यासाठी जो तयार खाना मिळतो ना, त्याच्यात कर्सर असताना माऊसचं चाक फिरलं तर बऱ्याचदा आकडा बदलतो. १,२४० लिहिलं, पान खाली सरकवायला चाक फिरवलं, झाले १,२३९, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. किलोचा प्रश्न असेल तर एक वेळ ठीक, पैशाचा असेल तर? म्हणून मी साधा टेक्स्टचा खाना घेतो, त्याला फक्त आकडी कीबोर्ड लावतो आणि तपासणी सर्व्हरवर करतो. मराठी कीबोर्ड चालू असेल तर लोक १२३ असे देवनागरी आकडे टाकतात, तेही घ्यायला पाहिजेत, मुकाट्याने आतल्या आत बदलून घ्यायचे, "चुकीचा आकडा" असा लाल मेसेज दाखवायचा नाही. बरोबर लिहिलंय त्याने, चुकीचं काय आहे त्यात.

नेटचा प्रश्न तर आहेच. दिंडोरी-निफाडच्या आतल्या रस्त्यांना रेंज येते-जाते, लाईट जाते. त्यामुळे अशा ठिकाणचं ॲप नेट नसताना नोंद मोबाईलच्या ब्राउझरमध्येच साठवून ठेवतं आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवतं. ह्याच्यात एक खबरदारी लागते, प्रत्येक नोंदीला मोबाईलवरच एक युनिक नंबर द्यायचा, म्हणजे अर्धवट रेंजमध्ये तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर तिला एकदाच धरतो. कोटेशन घेताना कोणी "ऑफलाईन पण चालेल" असं म्हटलं तर त्याला एवढंच विचारा की दोनदा गेली तर काय होईल. उत्तरावरनं माणसाची तयारी कळते.

मराठीचं थोडं जास्त लिहितो कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि बाहेरगावच्या मोठ्या टीम ह्याच्याकडे फारसं बघत नाहीत असा माझा अनुभव आहे. पहिलं म्हणजे जुना डेटा. दहा-पंधरा वर्षं जुन्या ऑफिसमध्ये गेलात तर मराठी याद्या श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. त्या युनिकोड नाहीत, म्हणजे आतमध्ये साठवलेली अक्षरं वेगळीच असतात आणि फॉन्ट फक्त ती मराठी दाखवतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो डेटा आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासावीच लागतात, आणि हे काम कोटेशनमध्ये वेगळं लिहावं कारण त्यात वेळ जातो. दुसरं म्हणजे पीडीएफ. स्क्रीनवर मराठी छान दिसते आणि बिलाची पीडीएफ काढली की "किलो" मधली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, "वर्ष" चा रफार सुटा पडतो. कारण असं की देवनागरीत अक्षरं जोडून, मागेपुढे करून दाखवावी लागतात आणि पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररींना ते जमत नाही. मी सरळ सर्व्हरवर क्रोम चालवून त्याच्याकडनं पीडीएफ छापून घेतो, थोडी मेमरी जास्त लागते पण शेतकऱ्याच्या हातात त्याचं नाव नीट लिहिलेली पावती जाते. ज्याच्या नावाचं जोडाक्षर फुटलंय त्याला ती पावती देताना मला तरी बरं वाटणार नाही.

तिसरं, मेसेज. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीत लिहिला की ७० चा. त्याच्यापुढे गेलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून मराठी पावतीचा मजकूर अगदी तोलून लिहावा लागतो. आणि कंपनीच्या नावाने असे मेसेज पाठवायचे तर टेलिकॉमच्या नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमाप्रमाणे डीएलटी ह्या मेसेजच्या नोंदणीच्या पोर्टलवर तुमची नोंदणी, मेसेजवर दिसणारं नाव आणि मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ते आज म्हटलं आणि उद्या झालं असं होत नाही. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यात अक्षरं साठवायची पद्धत जुन्या यूटीएफ८ ऐवजी यूटीएफ८एमबी४ आहे का ते बघून घ्यावं, देवनागरी अक्षराला ३ बाईट लागतात ते जुन्यात मावतं पण इमोजीला ४ लागतात, आणि शेऱ्याच्या खान्यात लोक व्हॉट्सॲपवरनं इमोजीसकट मजकूर चिकटवतातच.

द्राक्षाचंच लिहितोय असं वाटायला नको, अंबड-सातपूरच्या एमआयडीसीतही हीच कथा आहे, फक्त मालाचं नाव बदलतं. मशीन शॉपमधनं पार्ट प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर जातात. जाताना चलनावर नग असतात आणि प्लेटिंगवाला किलोवर काम करतो, त्याचं बिल किलोत, परत येताना चलन किलोत. ५०० नग गेले आणि किलोत परत आले, मग रिजेक्शन किती, राहिले किती? मालकाला हे तोंडपाठ असतं की ह्या पार्टचं एका नगाचं वजन इतकं, पण तो सुट्टीवर गेला की स्टोअरवाल्याची पंचाईत. रेडिमेड सॉफ्टवेअरमध्ये एका चलनाला बऱ्याचदा एकच युनिट मिळतं. इथे कस्टमची खरी गरज आहे, प्रत्येक पार्टला नगाचं वजन आणि दोन्ही युनिट एकाच चलनावर. शिवाय जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे असा बाहेर कामाला, दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला पाहिजे नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, तर ज्या चलनाला वर्ष होत आलंय त्याची सूचना आधीच मिळाली तर अकाउंटंटचं बीपी वाढत नाही.

पण जिथे कस्टमची गरज नाही तिथे मी नाही म्हणून सांगतो. अकाउंटिंग मला परत लिहायला सांगू नका. टॅली आहे, तुमच्या सीएला येतं, तुमच्या माणसाला येतं. टॅलीला बाहेरनं एक्सएमएल ह्या ठरलेल्या मांडणीत व्हाउचर देता येतात, तर ॲपमधली बिलं टॅलीत ढकलायची सोय करू, तेवढं पुरे. दहा-बारा माणसांचा हजेरीचा हिशोब असेल तर गुगल शीट वापरा, पैसे वाचवा. नाही म्हटल्याने काम जातं असं मला वाटत नाही, नाशिकमध्ये कामं ओळखीतनंच येतात, एकाने दुसऱ्याला सांगितलं की "तो माणूस गरज नसेल तर नाही म्हणतो" की दुसरा बिनधास्त फोन करतो.

आता किल्ल्यांचं. हे कृपया नीट वाचा. माझ्याकडे एक क्लायंट आले, कॉलेज रोडला त्यांचा व्यवसाय आहे, त्यांचं डोमेन आधीच्या डेव्हलपरने स्वतःच्या नावाने घेतलेलं, होस्टिंगही त्याच्याच अकाउंटवर, आणि तो फोन उचलत नव्हता. व्हिजिटिंग कार्डावर, बोर्डावर, गाडीवर जे नाव छापलंय ते कागदोपत्री त्यांचं नव्हतंच. त्यांना नवं डोमेन घ्यायला लागलं आणि सगळं परत छापावं लागलं. म्हणून माझ्याकडे काम सुरू व्हायच्या आधी डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे, डीएलटी, कोड ठेवायची जागा, ही सगळी खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डने उघडायची. मला फक्त आत यायची परवानगी द्या, काम झालं की काढून घ्या.

आणि कोडची मालकी. बऱ्याच जणांना वाटतं पैसे दिले म्हणजे कोड आपला. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाचा, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही, त्यामुळे वेगळं लिहून घेतलं नाही तर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणजे माझा. हक्क तुमच्याकडे द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून माझ्या करारात स्पष्ट असतं की शेवटचं पेमेंट झालं की तुमच्यासाठी लिहिलेल्या कोडचा हक्क तुमचा, कायमचा, सगळ्या जगासाठी. ओपन सोर्स लायब्ररी मात्र त्यांच्या त्यांच्या लायसनवर राहतात, त्या मी तुम्हाला विकू शकत नाही. तुमचा डेव्हलपर कोणीही असो, हे कलम मागून घ्या, चांगला माणूस असेल तर लगेच देईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पूर्ण ॲपचा एकच मोठा आकडा मी देत नाही, काट्यापाशी बसण्याचं आणि स्क्रीनचे कच्चे आराखडे काढण्याचं काम वेगळं, त्याचे वेगळे पैसे, आणि तो आराखडा घेऊन तुम्ही दुसऱ्याकडेही जाऊ शकता. मग टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यात वापरता येईल असं काहीतरी हातात. मध्येच नवीन सुचलं तर ते पुढच्या टप्प्यात, त्याच दराने, "जाता जाता एवढं करून टाका ना" हे दोघांच्याही नात्याला चांगलं नाही. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, तर छोट्या फ्रीलान्सरने बिलात जीएसटी लावला नाही म्हणजे तो दोन नंबरचं काम करतो असं नाही. तुम्ही टीडीएस कापणार असाल तर कापा, फक्त माझ्या पॅनवर वेळेत भरा. वर्षाच्या मेंटेनन्समध्ये मी सिक्युरिटी अपडेट आणि बॅकअप धरतो, आणि बॅकअप म्हणजे फाईल कुठेतरी पडली आहे एवढंच नाही, तो अधूनमधून दुसऱ्या सर्व्हरवर उघडून, डेटा खरंच परत येतो का ते बघणं. जो बॅकअप उघडून बघितला नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सध्या २०२७ च्या सिंहस्थामुळे पंचवटी-त्र्यंबककडच्या लॉजवाल्यांचे फोन वाढलेत, सगळ्यांना बुकिंगचं ॲप पाहिजे. त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, एकाच खोलीवर दोघांनी एकाच सेकंदाला बोट ठेवलं तर काय? स्क्रीनवर "खोली शिल्लक" दाखवणं पुरेसं नाही, डेटाबेसमध्येच खोली आणि तारीख ह्या जोडीवर कुलूप पाहिजे, म्हणजे दुसरी नोंद आतच जाऊ शकत नाही. दोन, यूपीआयने पैसे कटले आणि तेवढ्यात यात्रेकरूचं नेट गेलं तर परतीचं पान उघडतच नाही. म्हणून बुकिंग पक्कं करायचं ते त्या पानावरनं नाही, पेमेंट गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला वेगळा निरोप देतो त्यावरनं. दूरवरनं म्हातारी माणसं घेऊन येणारं कुटुंब पैसे भरून दारात उभं राहतं आणि खोली दुसऱ्याला दिलेली असते, हे होऊ नये ह्यासाठी एवढी मेहनत घ्यायलाच पाहिजे. आणि आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणं बंद करा, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, गरजेपुरतंच घ्या आणि गरज संपली की पुसा.

वेळेबद्दल शेवटचं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग धरली की जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पॅकहाऊसमध्ये कोणाला मान वर करायला वेळ नसतो, त्या काळात मी नवीन काही चालू करत नाही, मोडलेलं दुरुस्त करतो फक्त. तुमच्या माणसांना शिकायला पंधरा दिवस-तीन आठवडे निवांत मिळाले पाहिजेत, आणि सुरुवातीला रजिस्टर आणि ॲप दोन्ही शेजारी शेजारी चालले पाहिजेत. त्यामुळे द्राक्षवाल्यांनी बोलायचं असेल तर पावसाळ्यात बोला, जुलै-ऑगस्टला, म्हणजे डिसेंबरपर्यंत सगळं अंगवळणी पडतं. एमआयडीसीवाल्यांनी मार्चएंडच्या तोंडावर काम आणू नका, एप्रिलमध्ये नवीन वर्षाच्या पहिल्या चलनापासून सुरू करू. लॉजवाल्यांनी मात्र थांबू नका. येताना चालू वर्षाचं रजिस्टर घेऊन या, खाडाखोडीसकट, फेअर करून आणायची गरज नाही, आणि ते रोज लिहिणाऱ्या माणसालाही सोबत आणा.